एमिलीबाईची ओसरी

कोसमटोला, डेपोजवळ
होळी तोंडावर

प्रिय नीला, माझी बाई,

गुणवंतरावांना समोर बसवलं आहे. नाक्यावरची मुनशीगिरी सोडून आले बिचारे. चहा संपेपर्यंतच लिहितो म्हणतात, म्हणून चहा मी मुद्दाम पोळता केला आहे. मी 'मले' म्हटलं की ते 'मला' लिहितात. लिहू दे. तुझ्या नर्सांच्या शाळेत कोणाच्या हाती पत्र पडलं तर तुझी आई शिकलेली वाटेल. तुझा लेक कोलू बरा आहे, हे आधी लिहायला लावलं, कारण पत्र उघडल्याबरोबर तुझा जीव तिथंच अडकणार. अंगानं बरा आहे. दात आले, खरूज गेली, गोऱ्ह्याची शेपटी धरून आवारभर फिरतो. बाकीचं सांगते. बसून वाच.

तू गेलीस तेव्हा तो नुसता रांगत होता. गेल्या मोहाच्या वेळी मी त्याला झाडाखाली गोधडीवर ठेवून फुलं वेचत होते. वळून पाहते तर हा बहाद्दर अस्वलाच्या वाटेला लागलेला! धावत जाऊन पायाला धरून ओढून आणला. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून एमिलीबाईच्या ओसरीवर नेऊन बसवलं. एमिलीबाई म्हणजे आरा मशीनचं इंजिन सांभाळणाऱ्या रिबेलो मिस्त्रीची बायको. दोघंही गोव्याची. तिला स्वतःचं लेकरू नाही. आयाबाया कामावर गेल्या की त्यांची लहानगी ती ओसरीवर जमवते. पाटी नाही, पुस्तक नाही. मिस्त्री सागाचे तुकडे घासून गुळगुळीत करून देतो, पोरं त्यांची घरं रचतात आणि पाडतात. लाकडाच्या भुशाचा ढीग आहे, त्यात लोळतात. हात धरून गोल फिरतात, गातात. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, बाई, हे तर आमची पोरं घरी बिनशिकवता करतात. ती म्हणाली, हो, पण घरी त्यांना कोणी बघत नाही. मला ते पटलं. मला कोणाचं पटलं हे गुणवंतरावांना खरं वाटत नाही, पण लिहिलं त्यांनी.

तिचं मराठी तोडकंमोडकं, म्हणून ती पोरांशी आपल्या घरच्या फिरंगी बोलीत, पोर्तुगीजमध्येच बोलते. बाकीची पोरं चार शब्द उचलतात आणि घरी येऊन विसरतात. आपला विसरला नाही. आपलं बोलणं त्याला सगळं समजतं. जा, पाण्याचा गडवा आण म्हटलं की आणतो. पण तोंड उघडलं की फिरंगी! पाणी म्हणजे आग्वा. आणखी हवं म्हणजे मायश. गोऱ्ह्याला म्हणतो वें का, इकडे ये. आणि गोऱ्हा जातो! मी हाक मारते तर मान वळवत नाही. घरात अडाणी ती मीच एक उरले आहे. महिनाभर मी हसत होते. आता हसू येत नाही, त्याचं कारण ऐक.

गोव्याकडे शिमग्याच्या थोडं आधी त्यांचा एक सण असतो. आपल्या धुळवडीचा भाऊच समज. एकमेकांवर पीठ उडवायचं, पाणी ओतायचं. गोव्याची वाट सध्या बंद झाली म्हणे, एमिलीबाईला माहेरी जाता येईना. तिनं सण पोरांत केला. स्टुलावर बसली, एकेकाचं नाव घेऊन डोक्यावर लोटा ओतत गेली, आणि पोरं माझा नंबर, माझा नंबर म्हणून भांडत राहिली. मी तिथंच होते. माझ्याही डोक्यावर ओतला. नेमका त्याच वेळी तुझ्या सासऱ्यांचा पुतण्या सोमाजी बांबू बघायला डेपोत आलेला. कुंपणापाशी उभा राहून डोळे फाडून बघत होता. मला विचारतो, मामी, हे काय करून राह्यली मड्डम? आता तू मला ओळखतेस. मी म्हटलं, अरे बाटवून राह्यली ना! मी पण बाटलो बाबा, आता घरी आलो तर मले येगळं ताट वाढशीन. आणि पदरानं डोकं पुसत खूप हसले.

तो हसला नाही. तुझ्या सासरी चामोर्शीला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पाद्री बाटवताना करतो तसंच नाव घेऊन डोक्यावर पाणी, वर आजीची कबुली. आणखी काय हवं? सध्या वारंही तसंच आहे. कोण कुठं बाटला याची चर्चा हर बाजारात चालते. बुधवारी तुझ्या सासऱ्यांचा, भैयाजींचा निरोप आला. धुळवड झाली की चार माणसं घेऊन येतो, नातवाले नेतो, शुद्ध करून घेतो, आन् मंग तो इथीच राहील.

व्याह्यांना मी वाईट म्हणत नाही. तरणा मुलगा काविळीनं गेला, त्याचं एवढंच उरलं. पण एकदा कोलू चामोर्शीला गेला की तुझं शिकणं संपलं. लेकरू हवं तर इथी येऊन राहा, म्हणतील. तू येशील. मी तुझी आई आहे, मला ठाऊक आहे तू येशील.

मी खुलासा पाठवला. म्हटलं, ती थट्टा होती. उत्तर आलं, विहीणबाई, धर्माची थट्टा कोण करते? रुखमाबाईनं आपलं पोर ओसरीवरून काढलं, मग एकीचं बघून दुसरीनं. आता तिथं कोलू एकटाच असतो. एमिलीबाई माझ्याकडे आली, म्हणाली, मी त्याच्याशी मराठीच बोलते, म्हणजे लोक शांत होतील. बोललीही दिवसभर. या पोराला वाटलं तीया आजारी पडली. तीया म्हणजे मावशी. तिच्यासाठी लोटा भरून नेला आणि तिच्या मांडीवर सांडला. ती रडली, मग मीही. इकडे मी त्याला 'राम राम आजोबा' घोकवते आहे. मान डोलावतो आणि आपलंच काहीतरी म्हणतो. छकड्याच्या घुंगरांचा आवाज आला की मी त्याला आत ढकलते. काल तर आपल्याच शेजाऱ्याचा छकडा होता.

म्हणून ठरवलं आहे. गुणवंतरावांनी लेखणी थांबवली. लिहा हो, तुम्ही कोणाला सांगणार नाही हे मी तुमच्या बायकोला विचारून घेतलं आहे. मोटारीनं गेलं तर ती चामोर्शीला थांबते. तिथं कोलूनं नुसतं पाणी मागितलं तरी खेळ खलास. म्हणून मिस्त्रीच्या ओळखीचा पत्रू लाकडाचा ट्रक घेऊन बल्लारशाला निघतो, त्यात आम्ही दोघं बसणार, आणि तिथून रेल्वेनं नागपूर. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या गडबडीत कोणी विचारत नाही तेव्हा. तुमच्या वसतिगृहात लेकरू चालत नाही, ठाऊक आहे. इतवारीत माझी मावसबहीण गुणाबाई आहे, तुझी परीक्षा होईपर्यंत तिच्याकडे राहू. व्याह्यांना नातू दाखवायचा आहेच. पण तू शेजारी असशील तेव्हा. आजीच्या हातून लेकरू उचलून नेता येतं, आईच्या हातून तसं नेता येत नाही.

तू स्टेशनवर ये. पण हे पत्र पुढे धाडलं ते स्टेशनसाठी नाही, बाई. दिवेलागणीसाठी धाडलं. दिवा लागला की कोलू असेल तिथून येतो, दोन्ही हात जोडून माझ्यापुढं उभा राहतो. गोव्याकडची लेकरं रोज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांचा असा आशीर्वाद घेतात, तो तिथून शिकला. पहिल्यांदा मी दचकून मागे सरले होते. तो तसाच उभा राहिला. दिव्यातलं तेल संपत आलं तरी उभा. डोक्यावर हात पडेपर्यंत तो हलत नाही, रडतही नाही. चामोर्शीला हे फिरंगी वळण म्हणून कोणी असा हात ठेवणार नाही, उलट जोडलेल्या हातांवर छडी पडेल, ते मनात आलं की मला झोप येत नाही. तू त्याच्या ओळखीची नाहीस. तो तुझ्याकडे झेपावणार नाही, आई म्हणणार नाही, त्यावरून मन खट्टू करू नकोस. पण पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम बाजूला होईन, आणि तो घरभर बघून तुझ्यापुढं येऊन उभा राहील. तेव्हा विचार करत बसू नकोस. लगेच हात ठेव.

तुझीच, छकड्याच्या घुंगरांना कान लावून बसलेली,
आई
(अंगठा)