वज्रपाताच्या फाटकात

चारकोप, कांदिवली (प.)
१४ मे

प्रिय शेवंतीआक्का,

धाकट्या मालनचा तुला वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा आहे असं तुझ्या सुनेने कळवलं, पण उजव्याबद्दल ती गप्प राहिली, म्हणून काळजी वाटली.) भाओजींचा खोकला, मागच्या दारची केळ, व्यायला आलेली म्हैस, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही इथे सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी मी एकशे दहा फुटांवरून खाली आले आणि ते जिन्याने नव्हे. फोनवर हे सांगता आलं नसतं. एक तर तुमच्याकडे रेंज फक्त विहिरीपाशी, आणि दुसरं म्हणजे आमच्या दोन खोल्यांत मी तोंड उघडलं की यांना सगळं ऐकू जातं. म्हणून पत्र. चहा घेऊन बस, लांबलंय.

खाडीपलीकडे ‘धमालबेट’ नावाचं नवीन पार्क झालंय. मार्व्याहून होडीने जायचं. तिथे एप्रिलात ‘वज्रपात’ नावाचा पाळणा सुरू झाला. (पाळणा म्हटलं की श्रुतिका रागावते. राइड म्हणायचं.) त्याची जाहिरात बघशील तर थक्क होशील गं. आमच्या सिग्नलला चार मजली बोर्ड, त्यावर एक मुलगी तोंड फाडून ओरडतेय आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘हिंमत आहे?’ भाजी आणायला जाताना रोज मला तो बोर्ड विचारायचा, हिंमत आहे? हातात दोन जुड्या मेथी घेऊन काय उत्तर देणार. पुढे लिहिलं होतं, आशियातला सर्वांत उंच, आणि त्यावर एक चांदणी. त्या चांदणीचा खुलासा बोर्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. मी चष्मा लावून, रिक्षावाल्यांच्या शिव्या खाऊन तो वाचला. आशियातला सर्वांत उंच, ‘खाडीकिनारी असलेल्यांपैकी’. म्हणजे असा दुसरा नसणारच. पण खरं सांगते आक्का, हे वाचूनही माझा उत्साह तसूभर कमी झाला नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज कुणाचा तरी व्हिडिओ यायचा. श्रुतिकाच्या वर्गात तर दोनच जाती उरल्या होत्या, वज्रपातात बसलेले आणि न बसलेले. मी सगळ्यांना सांगत होते की नातीसाठी जावं लागणार, आपल्याला कसली हौस. आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभी राहून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. माझो जीव थाऱ्यार नव्हतो.

सिद्धेशने रविवारची चार तिकिटं काढली आणि चौघांसाठी पिवळ्या पट्ट्या घेतल्या. पिवळी पट्टी म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून आहे. साध्या तिकिटाला साधी रांग. वर पैसे भरले की मनगटाला पिवळी पट्टी बांधतात आणि तुम्ही वेगळ्या वाटेने थेट पुढे. सिद्धेशने हे आपल्या वडिलांना घरी सांगितलं नाही, तिथे पोचल्यावर सांगू म्हणाला. इतकी वर्षं त्यांचा मुलगा असून त्याला अजून अक्कल आलेली नाही.

आमच्या यांचं आणि रांगेचं तुला माहीतच आहे. स्वतःच्या लग्नात आधी आलेल्यांचं आधी म्हणून नवरदेव तिसऱ्या पंगतीला जेवायला बसले होते आणि तू चिडून वाढायचं सोडून गेली होतीस. त्यानंतर सुधारणा काही नाही. टँकर आला की हे खडूने चौकोन आखणार. दवाखान्यात गर्दी दिसली की खिशातून जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या तारखा काढून नंबर म्हणून वाटणार. (मागे एका बाईला चुकून लाल तारीख दिली, ती दवाखाना बंद आहे समजून घरी गेली.) एवढ्या संसारात मला कुठलीही गोष्ट कुणाच्या आधी मिळालेली नाही. म्हणून तुझ्यापाशी कबूल करते, माझ्या मनगटाला ती पिवळी पट्टी बांधली तेव्हा मला पाटल्या केल्यासारखं वाटलं.

सकाळी होडीत मुलुंडची दर्शना नावाची एक बाई भेटली. सोबत सात-आठ वर्षांचे जुळे मुलगे. पहाटे उठून, दोन बस बदलून आलेली. मला उन्हात उभी बघून तिने पोरांना सरकवलं, सावलीतली स्वतःची जागा मला दिली, वर चिवडा दिला. पलीकडे लागल्यावर पोरांना घेऊन ती धावत पुढे गेली आणि आम्ही बाकीचं पार्क बघत दोनेक तासांनी निवांत पोचलो.

वज्रपाताच्या दाराशी दोन वाटा. पिवळ्यांच्या वाटेत पंखे आणि पाण्याचे बारीक फवारे. साध्यांच्या वाटेत लोखंडी नळ्यांमधून वळत वळत जायचं, वर तापलेला पत्रा, आणि बोर्डावर लिहिलेलं, प्रतीक्षा दोन तास चाळीस मिनिटं. तिथे सिद्धेशने खरं काय ते सांगितलं. हे शांतपणे ऐकून घेतात तेव्हा फार भीती वाटते. सिद्धेश म्हणाला, विमानात नाही का पुढची सीट महाग असते, देवळातसुद्धा पैसे भरून लवकर दर्शन मिळतं. यांनी उत्तर दिलं ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतंय. म्हणाले, “मोठी सीट विकली तर ती त्यांची वस्तू आहे, विकू देत. पण इथे ते वेळ विकतायत, आणि तो वेळ त्यांचा नाहीये. तो त्या पत्र्याखालच्या माणसांचा आहे. त्यांना कुणी विचारलं?” आणि मनगटावरची पट्टी निघेना (ती कापल्याशिवाय निघत नाही), तेव्हा शर्टाची बाही खाली ओढून ती झाकली आणि साध्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. सिद्धेशला वर पाळण्याकडे नुसतं बघूनच चक्कर आली. तो बॅगा सांभाळत खाली बाकावर बसला. राहिलो मी आणि श्रुतिका. मी क्षणभर यांच्याकडे बघितलं. मग पंख्यांकडे बघितलं. आक्का, मी पंख्यांच्या वाटेने गेले.

बारा मिनिटांत वर पोचलो. वाटेत एक पाटी होती की रक्तदाबवाल्यांनी बसू नये, पण मी सकाळीच गोळी घेतली होती, त्यामुळे ती पाटी मला लागू नव्हती. वर फाटक. तिथे दोन्ही रांगा एकत्र येतात आणि समीक्षा नावाची मढच्या कोळीवाड्यातली एक तरतरीत मुलगी एकेकाला आत सोडते. पिवळे असेपर्यंत पिवळे, मग उरलेल्या जागांवर साधे. आणि पिवळे संपतच नव्हते. नळीच्या पलीकडे, साध्या रांगेत अगदी पहिली, कोण उभी असेल? दर्शना. घामाने चिंब, दोन्ही हातांत दोन पोरं. अर्धा तास झाला होता तिला त्या एकाच जागी. तिने मला ओळखलं आणि हसलीसुद्धा, ते फारच वाईट झालं. तेवढ्यात जुळ्यांपैकी एकाने तिचा हात ओढला आणि आपला सरळ विचारलं, “आई, या आजी आपल्या मागे होत्या ना?”

त्यात तक्रार नव्हती गं. त्याला फक्त हिशेब लागत नव्हता.

समीक्षा म्हणाली, चला आजी. श्रुतिका हात ओढतेय, समोर गाडी उभी, पहिली ओळ रिकामी, जिच्यासाठी महिनाभर माझ्या कुकरच्या शिट्ट्या चुकल्या. आणि माझे पाय हलेनात. मी तिला म्हटलं, आधी यांना सोड. ती म्हणाली, “मला चालेल ओ आजी, पण रूल हाय. पिवळा समोर हाय तोवर साधा सोडायचा नाय.” मी विचारलं, आणि समोरचा पिवळा हललाच नाही तर? तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “गाडी रिकामी पाठवायची नाय असा पण रूल हाय.”

तिथेच माझा गुडघा धरला. (धरला नव्हता. तुझा उजवा डोळ्यांसमोर आणला आणि तशी बसले.) वाट एका माणसापुरती, मी तिच्या मधोमध, मागे सगळे पिवळे खोळंबलेले. समीक्षाने मुकाट्याने साध्यांचं फाटक उघडलं. दर्शना आणि तिचे जुळे मात्र पुढे जायला तयार होईनात. ती म्हणाली, तुम्ही उठल्यावर बरोबरच बसू. तिच्या मागचे वीस जण आत गेले. मग आणखी वीस. मागून कुणी पाणी देतंय, कुणी बाम देतंय, एक गृहस्थ डॉक्टर निघाले. त्यांना मी म्हटलं, जरा थांबा, आपोआप सुटतो, वीस वीस माणसांनी सुटतो. त्यांना काही कळलं नाही. मागे एक साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते की आपण पैसे भरून रांगेत उभे आहोत. श्रुतिकाला पाच मिनिटांत सगळं उमगलं, मग तीही माझा पाय दाबत बसली आणि दर वेळी उगाच ‘आजी, अजून दुखतंय?’ विचारत राहिली. पाच गाड्या गेल्या आक्का, शंभर माणसं. आणि खालून, पार मागच्या वळणावरून, ओळखीचा आवाज आला की ही रांग एवढी भराभर कशी सरकते, वर कुणीतरी घोटाळा करतंय, चौकशी करा. इथे मी न्यायासाठी जमिनीवर बसलेली, आणि माझ्या नवऱ्याला त्याचाच संशय.

शेवटी पार्कचा माणूस आला. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘आनंद अधिकारी’ लिहिलं होतं, आणि चेहरा असा की सकाळपासून त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसावं. मला मिळालेलं पाणी मी त्याला दिलं. तो प्यायला. म्हटलं, बाबा रे, पट्ट्या विकायच्या तर विक, पण एक गाडी त्यांची आणि एक यांची, एवढं तरी कर. समीक्षा म्हणाली की तिने हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. साध्या रांगेतले ओरडत होते, पिवळ्यांतला तो डॉक्टरही म्हणाला की योग्य आहे. अधिकाऱ्याने वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलून सांगितलं, बरं, करून बघू. माझा गुडघा तिथल्या तिथे सुटला.

मग बसलो पहिल्या ओळीत. मी, श्रुतिका, शेजारी ते दोघं जुळे, मागे दर्शना. गाडी कट कट करत वर निघाली. वरून काय दिसतं म्हणून सांगू. सगळी खाडी, वर्सोव्याकडच्या होड्या, आणि इकडे चारकोपच्या इमारती काड्यापेट्यांसारख्या. मी आमची टाकी शोधत होते तेवढ्यात खालची जमीनच गेली. केस सुटले, टिकली उडाली, आणि आक्का, आजवर तोंडाने कधी घेतलं नाही ते यांचं नाव मी आभाळात जोरात ओरडले. राजाराम. खालून रांगेतून ‘ओ’ आली म्हणे. पूर्ण चाळीस सेकंद. एवढी जाहिरात, एवढे बोर्ड, आणि चाळीस सेकंद. तरी सांगते, त्या चांदणीसकट सगळं वसूल. उतरले तेव्हा हसू थांबेना आणि डोळ्यांतून पाणी. श्रुतिका म्हणाली, आजी, तू बोर्डावरच्या मुलीसारखी दिसतेस.

यांची मात्र मजा झाली नाही. हे फाटकापासून वीसेक माणसांवर आले आणि तपासणीसाठी राइड बंद केली, ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. पुन्हा कधीही या म्हणून चिठ्ठी दिली. मी घडलेलं सगळं सांगितलं. परतीच्या होडीत अर्धी खाडी ओलांडल्यावर यांनी एवढंच विचारलं, “वरून आपली बिल्डिंग दिसते?” मी हो म्हटलं, आणि मला उगाच अपराधी वाटलं. तेव्हाच ठरवलं, यापुढे जन्मात पिवळी पट्टी बांधायची नाही. मुलांना आशीर्वाद, भाओजींना नमस्कार.

तुझी,
मालन

ता.क. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी शेजारची द्रौपदी आणि मी पुन्हा वज्रपाताला चाललो आहोत. द्रौपदीने पट्ट्या आधीच घेऊन ठेवल्या, आता तिला वाईट कसं वाटू द्यायचं. आता एकाआड एक सोडतात, त्यामुळे त्यात पूर्वीइतकं पाप नाही.

ता.क. २ यांना मी सांगितलंय की त्या दिवशी तुझ्या नणंदेकडे घाटकोपरला हळदीकुंकू आहे. (वैशाखात कसलं हळदीकुंकू असं त्यांनी विचारलं नाही, देवाची कृपा.) तेव्हा त्या मंगळवारी विहिरीपाशी जाऊन यांना एक फोन कर आणि मालन पोचली, असं सांग. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. बाकीचं ओघात आलं.

ता.क. ३ शेवंतीआक्कांस राजारामचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही, चिकटवताना दिसलं तेवढंच. मी आरडाओरडा केला नव्हता, चौकशी केली होती. विनंती अशी की तो फोन मला करू नये, मी त्या वेळी होडीत असेन. चिठ्ठी घेऊन मीही त्याच मंगळवारी जाणार होतो, हिला कारखान्यातल्या जुन्या दोस्ताची एकसष्टी सांगून ठेवली आहे. मी साध्या रांगेतूनच जाणार. मला दोन तास चाळीस मिनिटं लागतील, हिला बारा. मी सकाळी पहिल्या होडीने निघतो. तुम्ही हिला साडेनऊला फोन करून म्हैस, गुडघा, काय वाटेल त्या विषयावर अर्धा तास बोलत ठेवा, म्हणजे आम्ही दोघं फाटकाशी एकाच वेळी पोचू. द्रौपदीबाईंना मागच्या ओळीत बसवायचं मी समीक्षाला सांगतो.