मेणात राहिलेला तुकडा

ता. ११ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. फोनवरचा नव्हे, चांगला वाकून केलेला.

गुडघे कसे आहेत? भाऊजींकडे जिने फार, जपून चढा-उतरा. इकडे सगळं ठीक. मोरीचा नळ अखेर बदलला. प्लंबर म्हणाला, "बाई, याला दुरुस्ती नको, निवृत्ती द्या."

लॅबमध्ये सध्या जुन्या नमुन्यांची तपासणी चालू आहे. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे ऑपरेशननंतर मेणात बसवून वर्षानुवर्षं ठेवतात. एखाद्याच गाठीत एक जनुक तुटून भलतीकडेच जोडलेलं सापडतं. पूर्वी आमच्याकडे हे कुणी बघत नसे. आता त्या जनुकाच्या दोन बाजूंना लाल-हिरवा रंग लावून मी सूक्ष्मदर्शकातून बघते. ठिपके चिकटलेले असले तर जनुक शाबूत, फाकले तर तुटलेलं. घरी आले तरी भिंतीवर ठिपकेच दिसतात.

जाऊबाईंना सांगा, स्वेटर मापात बसला.

आई, इकडचं तिकडचं तरी किती लिहू?

सोमवारी डॉक्टरबाईंनी आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाल्या, "पुढच्या नमुन्यांत तुझ्या नवऱ्याचा आहे. तुझी परवानगी हवी. तपासेल दुसरं कुणीतरी."

"परवानगी आहे. पण मीच करते."

"झेपेल?"

"नाही झेपलं तर हाक मारीन."

नखाएवढा तुकडा, आई. त्याला निरोप देऊन आलो तेव्हा वाटलं होतं, आता काही म्हणता काही उरलं नाही. आणि हा इथेच, माझ्या टेबलापासून दोन दारं सोडून, कपाटात होता. ज्या दुखण्यानं त्याला नेलं त्याचाच तुकडा. राग यायला हवा होता. माझ्या तोंडून निघालं, "आलास?"

ठिपके फाकलेले होते. डॉक्टरबाईंनीही बघून खात्री केली.

मी एवढंच विचारलं, "हे आईकडून आलेलं असतं का?"

"नाही गं. ही मोडतोड त्या गाठीतच झालेली. कुणी दिलेली नव्हे."

भाऊजींकडे जाताना बॅग भरत तुम्ही म्हणाला होतात, "माझ्या बापाचं दुखणं मी पोटच्या पोराला दिलं. कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर बसू?" मी नुसतं नाही-नाही म्हणत राहिले, सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. आता आहे. तुम्ही त्याला ते नाक दिलंत, हट्ट दिलात, घास तोंडात असताना बोलायची खोड दिलीत. हे तुम्ही दिलेलं नाही.

अशा गाठींवर आता वेगळी औषधं देऊन बघतात. त्याला लागू पडली असती का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुकडा परत कपाटात ठेवला. ठेवताना हात निघेना. घरी आले तर हे सांगायला कुणी नाही. 'तो कसा हसायचा, आठवतं?' असं म्हणावं असं एकही माणूस या गावात उरलेलं नाही. या ना इकडे. त्याच्यावरून भांडायला तरी या. भाऊजी सोडायला तयार आहेत, मी परस्पर विचारून ठेवलंय. रागवायचं तर इथे येऊन रागवा.

वाट बघतेय.

तुमची सून

(लोक म्हणतात, आता मुलगीच समजा. मला सूनच राहू द्या, आई. त्या शब्दात तो आहे.)