गुणाचं पोर

कसबा बावडा

प्रिय तेजू,

तुझ्या मेसेजला मेसेजनं उत्तर द्यायचं जिवावर आलं, म्हणून कागद घेतला. तू बाळंतपणाला उचगावला येणार म्हटल्यावर मी इकडे आईकडे निघून आले, त्याचा राग मानू नकोस. माझ्याच खोलीत असशील ना? पंखा दोनवर ठेव, त्यापुढे खडखडतो. आणि आत्तींना म्हणावं, डिंकाच्या लाडवात तूप सढळ हातानं घाला, या वेळी लेकीसाठी आहेत, सुनेसाठी नाहीत. बघ, अजून चेष्टा जमते मला. मुलगा झाला, नाक थेट तुझं आहे, असं धैर्यशीलनी फोनवर सांगितलं. सांगताना तुझा दादा मध्येच थांबला आणि मग उगीचच पावसापाण्याचं बोलत बसला.

शाळेपासून एका बाकावर बसलो आपण. तूच हट्टानं मला तुझी वहिनी करून घरी नेलंस. तू डॉक्टर झालीस तेव्हा गल्लीभर पेढे मी वाटले. कातडीची का होईना, घरातली पहिली डॉक्टर! तेव्हापासून कुणाला शिंक आली तरी तुला पुण्याला फोन. एकदा तर आत्तींनी म्हशीच्या कासेचं दुखणं तुला विचारलं होतं, आणि तू तेही बेधडक सांगितलंस. आपण किती हसलो होतो त्यावर.

माझ्या विश्वजितच्या बारशादिवशी सकाळपासून तो अंगावर ओढत नव्हता. तोंडात दूध पिळलं तर ओठाच्या कडेनं परत बाहेर यायचं. पाय गार, आणि रडणं तर नाहीच. मी आत्तींना म्हटलं, दवाखान्यात नेऊया. त्या म्हणाल्या, "तेजू येतीया की, ती बघंल. घरात डाक्टर असताना भायेर कशाला जायाचं?" संध्याकाळी तू ठेवणीतली साडी नेसूनच गाडीतून उतरलीस. थर्मामीटर लावलास, ताप नाही म्हणालीस. मी म्हटलं, अगं, ताप नाहीच, उलट गार पडलाय. तर माझा गाल ओढून हसलीस. पहिलटकरणी सगळ्या अशाच घाबरतात, आधी पाहुणे जाऊ देत, उद्या बघू, म्हणालीस. आणि मी गप्प बसले, कारण तू डॉक्टर होतीस आणि मी नुसतीच आई.

मग पाळणा. आत्याचा मान तुझा. तू वाकून त्याच्या कानात कुर्रर्र केलंस, नाव सांगितलंस, आणि बायकांनी तुझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले. केवढा कालवा तो! गोठ्यातली म्हैस बिथरली. तान्ह्या पोरानं दचकून हात फेकायला हवे होते, टाहो फोडायला हवा होता. तो हललासुद्धा नाही. शेजारच्या बयाबाई कौतुकानं म्हणाल्या, "काय गुणाचं प्वार हाय गं! एवढा दंगा झाला तरी डोळा उघडला न्हाय." सगळ्या हसल्या. तूही हसलीस, तेजू. मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते.

उजाडताना तो कण्हल्यासारखा श्वास घ्यायला लागला, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. तिथले बाळांचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाच्या रक्तात जंतू शिरले की ताप येतोच असं नाही. पुष्कळदा बाळ गार पडतं, दूध सोडतं, गप्प होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरात डॉक्टर आहे. रक्ताचा रिपोर्ट पोर गेल्यावर आला. तुला नीट वाचता आला असता, पण तू तोवर पुण्याला परतली होतीस.

आता तुझं ऐकते. म्हणे तू बाळाला झोपू देत नाहीस. त्याचा डोळा लागला की तळव्याला टिचक्या मारून रडवतेस, सारखी पाय चाचपतेस. आणि परवा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तू मला विचारलंस: वहिनी, त्या संध्याकाळीच नेलं असतं तर तो वाचला असता का? खरं काय ते सांग, निदान मला झोप तरी लागेल. तेजू, हेच मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं, एकटीनं, दार लोटून. त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिलं, एका शब्दात. तुझ्या दादालाही मी ते सांगितलेलं नाही. डॉक्टर गेल्या वर्षी वारले, तेव्हा तिकडे चौकशी करू नकोस. ते उत्तर आता फक्त माझ्यापाशी आहे, आणि ते मी तुला कधीही सांगणार नाही, एवढं कळवायला हे पत्र लिहिलं. बाळाला जप.

तुझीच,
पूर्णिमा वहिनी