टाकीतला प्राणवायू

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड, ताईकडे.

आज टाकीतली शेवटची खेप झाली. कॅन्सरसाठी ओटीपोटाला लाईट, म्हणजे रेडिएशन, देऊन सहा वर्षं झाली. कॅन्सर गेला, पण आतडं तेव्हापासून माझं ऐकत नाही. रेणापूरहून लातूरला जायचं तरी वाटेत संडास कुठं, हे आधी बघायचं. म्हणून आठ आठवडे त्या काचेच्या टाकीत निजून प्राणवायू ओढला. फरक? काडीचाही नाही.

सेंटरचा गुळगुळीत डॉक्टर म्हणतो, "मॅडम, आतून सुधारणा होऊन राहिली, तुम्हाला जाणवत नाही." जाणवत नाही! सकाळी त्याच्याच जिन्यावर माझं लुगडं खराब झालं, ते कुणाला जाणवलं? वर फोन पुढं करतो. "व्हिडिओसाठी दोन शब्द चांगले बोला." निर्लज्ज.

बाहेर इस्लापूरची एक बाई पहिल्यांदाच आली होती. "मावशी, गुण येतो का वो?"

"मला आला न्हाई बाई. आजही जिन्यावर लुगड्यातच झालं."

माझ्या मागोमाग बाहेर आलेल्या डॉक्टरचं हसू मावळलं. "असं चारचौघांत बोलतात का?"

सहा वर्षं मीच स्वतःला हे बजावत आले. त्याच्यापेक्षा मूर्ख मी.