पुढच्या घराची पाठ

आबा,

आज दुपारी एका घरातली खाट फिरवून आले आणि परत येताना तुमची फार आठवण झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे तुमची लेक काय काम करणार हे तुम्हाला कळलंच नाही, म्हणून आधी ते सांगते. मी सांगलीत एका दवाखान्यात मन आजारी पडलेल्या माणसांशी बोलायचं काम करते. गोळ्या डॉक्टर देतात. मी ऐकते, विचारते, कधी घरी जाऊन बघून येते. आजचे आजोबा वडूजकडचे, सगळं आयुष्य शेतातल्या वस्तीवर गेलेलं. बायको वारल्यावर मुलानं त्यांना इथं फ्लॅटवर आणलं, स्वतंत्र खोली दिली, पंखा दिला, टीव्ही दिला. तरी ते धड जेवेनात, बोलेनात. जाऊन बघते तर खाट अशी लावलेली की पडल्यापडल्या समोर फक्त कपाट. मुलगा आणि मी मिळून ती गॅलरीकडे वळवली. खाली रिकाम्या प्लॉटवर कुणाचीतरी म्हैस बांधलेली होती. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दावं लय आखूड बांधलंय तिचं." मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. तुम्हाला करताना बघितलं होतं, एवढंच.

धरणाचं पाणी चढलं आणि आपलं डोंगरातलं गाव उठलं, तेव्हा मी जेमतेम चालत होते. आटपाडीच्या बाजूला, माळावर आपल्याला प्लॉट मिळाले. चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे जुना शेजार पांगला. नकाशात आखल्याप्रमाणे घरांच्या ओळी सरळ होत्या आणि सगळ्या घरांची तोंडं एकाच दिशेला. आपल्या उंबऱ्यात बसलं की मधली बोळ आणि पलीकडे पुढच्या घराची पाठ, सिमेंटची, खिडकी नसलेली. आई सांगायची, जुन्या गावात उतारावर घरं होती, एकीच्या अंगणातून दुसरीची चूल दिसायची, आणि दळता दळता तिघीचौघींचं बोलणं व्हायचं. इथं ती हळूहळू बोलायची थांबली. तव्यावर भाकरी करपायची आणि ती तिथंच बसलेली असायची. मी शाळेतून येऊन हाक मारली तर मान वर करायची, पण बघायची नाही.

तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं. चुलत्यांनी बाहेरचं काहीतरी असेल म्हणून देवऋष्याचा विषय काढला. मग तुम्ही तिला चार दिवस माहेरी सोडलंत, तर तिथं ती परसात भावजयांबरोबर बसून हसली, पोटभर जेवली. परत आणली आणि आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा चुलते दारात उभे राहून म्हणाले की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुम्ही सहसा धाकट्या भावाला दुखवत नव्हता. त्या दिवशी मात्र बोललात. "ती येडी न्हाई. घरं येडी बांधल्यात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रानात गेला नाहीत. आई आत झोपलेली. तुम्ही उंबऱ्यात, ती बसायची बरोबर त्याच जागी येऊन बसता. मी शेजारी बसते. ऊन बोळीतून सरकत जातं. कुत्रं जातं, एक सायकल जाते, बाकी काही नाही. समोर ती भिंत. मी कंटाळून उठते, खेळून येते, तुम्ही तिथंच. शेवटी तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठता आणि बोळ ओलांडून पुढच्या घरी जाता. मी तुमच्या मागे.

पुढच्या घरातले काका आपल्यासारखेच धरणातून उठलेले, पण दुसऱ्या गावचे. मोठ्या कष्टानं बांधलेलं घर आणि स्वभाव तापट. तुम्ही त्यांना सांगितलंत की तुमच्या मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू द्या, काम सगळं मी करतो, गिलावाही मीच करून देतो. त्यांना आधी ही थट्टा वाटली, मग राग आला. त्यांच्या भिंतीला भोक कशासाठी, आणि उद्या चोर शिरला तर काय, असं ते म्हणाले. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. एवढा ताठ माणूस, मला तुमच्याकडे बघवेना. "माझी बायकू बोलंना झालीया," तुम्ही म्हणालात. "दारात बसली की तिला तुमची पाठ दिसती. माणूस दिसू द्या तिला."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "पाडू द्या की. मला भर दुपारी चुलीम्होरं दिवा लावाया लागतोय."

जुनं घर उतरवताना तुम्ही एक खिडकीची चौकट सोडवून आणली होती, सागवानी, तुमच्या वडिलांच्या हातची. कधीतरी माडी चढवली की तिथं बसवायची म्हणून माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. छिन्नी-हातोड्यानं भिंत फोडून झाल्यावर तुम्ही ती खाली काढलीत आणि काकूंच्या भिंतीत बसवलीत. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं चौकट ओळखली. डोक्यावरचा पदर सारखा करत कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. गिलावा वाळल्यावर एका सकाळी काकूंनी खिडकीतून तोंड काढलं. "वैनी, वाईच मीठ देता का?" आई उठली. वाटी घेऊन बोळ ओलांडून गेली. काकूंकडे मीठ भरपूर होतं, हे तिला नंतर कधीतरी कळलं आणि त्यावर दोघी खूप हसल्या.

मी कामावर हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, खिडकी पाडली आणि बाई बरी झाली. तसं नव्हतं. बरेच महिने गेले. पुढेही पावसाळा आला की ती मधेच हरवायची, माळावर पाऊस नसला तरी. पण हरवली तर काकू हाक मारायच्या, आणि हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर आता माणूस होतं. पुढे मागच्या ओळीतल्यांनी आपल्या घराच्या पाठीलाही खिडकी मागितली, तर तुम्ही लगेच हो म्हणालात. आता दुपारी त्या बोळीतून गेलं की दोन्ही बाजूंनी बोलणं ऐकू येतं. आई तिथंच आहे, तिला सांगलीला चल म्हटलं की ती विषय बदलते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, पुढचं वाचून तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही शेवटपर्यंत पाण्याखालच्या गावाचं नाव सांगत राहिलात. मलाही शिकवलंत, कुणी गाव विचारलं तर आधी ते सांगायचं. तुमच्यासमोर मी तसंच सांगायचे. पण मला त्या गावातलं काहीही आठवत नाही आबा, एक झाडसुद्धा नाही. तुम्ही गेल्यापासून कुणी गाव विचारलं की मी वसाहतीचंच नाव सांगते. सांगताना जरा आवाज खाली येतो.