शीव तिथेच राहिली

बैगाबाबा,

तुम्हाला लिहायचं मी किती वर्षं टाळलं, याचा हिशेब ठेवला नाही. सबबी चांगल्या होत्या. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमची बोली छत्तीसगढी, घरात गोंडी, आणि माझी शाळा मराठी, तीही सातवीत अर्धी सुटलेली. शिवाय तुम्ही मेलेले. मेलेल्या माणसाला लिहायची घाई कोण करतो? पण आज सुट्टी आहे, अंग ठणकून राहिलं आहे, आणि एका गोष्टीचं उत्तर मला दिवस मावळायच्या आत पाहिजे. ते फक्त तुमच्याजवळ होतं.

मी भंडाऱ्याकडून भिलाईला आलो तेव्हा कारखान्याच्या जागी नुसते खड्डे होते. मजुरांच्या कॅम्पात मला जागा नव्हती. तुम्ही ओसरी दिली, आणि सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात. पहिलं शीत तुम्ही जमिनीवर ठेवायचे, मग स्वतः खायचे. साजाची फांदी तोडायच्या आधी झाडाला सांगायचे. गाय दूध देईना की तिच्या कानात फुंकर. तुम्ही गावाचे बैगा, म्हणजे देवाचं आणि दुखण्याखुपण्याचं पाहणारे; पेरणीआधी गावाचं सगळं बी तुमच्या हातातून जायचं. मी समजत होतो जादू म्हणजे कवटी, लिंबू, डोळे फिरवणं. तुमची जादू घर झाडण्यासारखी निघाली. रोज करायची, आणि केली म्हणून कोणी वाहवा करत नाही. एकदा चिखलात फसलेल्या ट्रकवरही तुम्ही फुंकर मारली होती. ड्रायव्हर हसला. त्याच हप्त्यात नव्या मशीनसमोर साहेब लोकांनी नारळ फोडला, आणि बाजूला एक रशियन साहेब लालबुंद होऊन घाम पुसत उभा होता, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं तर ते कुठं लावलं तेच दिसेना. हे मी कायले लिहून राहिलो? माझं हे असंच. तुम्ही म्हणायचेच, “बइठ ना रे मराठा, तोर गोड़ में चक्का लगे हे का?” बस ना, पायाला चाकं लागली आहेत का?

तर मुद्द्यावर येतो. वर्षातून एकदा, हरेलीच्या सणाला, तुम्ही गाव बांधायचे. गावाच्या शिवेवर चारी बाजूंना खिळे ठोकायचे, महुआची दारू शिंपडायचे, म्हणजे रोगराई आत येत नाही. मग जमीन कारखान्यात गेली आणि गाव उठलं. तुम्ही गावराख्या ठाकुरदेवाचा दगड खांद्यावर घेऊन नव्या वस्तीपर्यंत चालत गेलात, एकदाही खाली ठेवला नाही. तिथे झाड नव्हतं, सगळा मुरूम. उन्हाळ्यात लेकरांना ओकारी-जुलाब लागले. दोन गेली. आणि लोक शेवटच्या झोपडीतल्या विधवेकडे पाहू लागले. ती एकटीच स्वतःशी बोलायची, एवढंच तिचं. टोनही, म्हणाले. नजरेनं लेकरं खाणारी.

त्या दुपारी त्यांनी प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ आणून तुमच्या सुपात टाकले. ज्याचा नातू गेला होता तो म्हातारा काठी घेऊन बसला होता. ती विधवा समोर, डोक्यावरून पदर, त्या दिवशी मात्र एक शब्द नाही. तुम्ही दाणे जोडी-जोडीनं सरकवत होतात; त्यातूनच बैगाला दोषी कोण ते दिसतं म्हणे. मी ओसरीच्या खांबाला टेकून होतो आणि मला माहीत होतं, तुम्ही मान हलवली की ती काठी उठणार.

“नाव सांग, बैगा,” म्हातारा म्हणाला.

तुम्ही सूप खाली ठेवलं. “गलती मोर आय. देव ला तो धर के लान डारेन, मेड़ो उहेंच रहिगे.” चूक माझी आहे. देव उचलून आणला, शीव तिथेच राहिली. गाव उघडं पडलं आहे, काहीही आत येईल. त्यात हिचा काय दोष?

म्हाताऱ्यानं काठी तुमच्या पायाशी टाकली आणि थुंकला. ती विधवा वाचली. तुमचं मात्र संपलं. लोकांनी दुसऱ्या गावचा बैगा आणून वस्ती बांधून घेतली, आणि तुम्ही बायकांच्या रांगेत मातीच्या टोपल्या वाहू लागलात. कोणाची गायसुद्धा तुमच्याकडे आली नाही. मी रुरकेल्याच्या कारखान्याच्या कामाला निघून गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही तापानं गेला होता, आणि तुमच्यावर फुंकर मारायला कोणी आलं नव्हतं म्हणे. विचारायचं राहूनच गेलं: बाबा, ते तुम्हाला सुपात खरंच दिसलं होतं, की तिला वाचवायला तुम्ही खोटं बोललात?

आज हे का विचारतो सांगतो. आमच्या कॅम्पात आता माझ्याच मुलखातले लोक, भंडारा-गोंदियाचे. गोंडांना हसणारे. आमच्या खोल्यांच्या लाइनीत लेकरांना गोवर आला, आणि विटा वाहणारी एक रेजा, म्हणजे मजूर बाई, आहे, नवऱ्यानं टाकलेली, तिच्यावर आळ आला. काल मुकादम म्हणाला, “तू त्या बैगाजवळ राहेला हायेस न? मंग उद्या सांजच्याले सुपात पाह्य आन् नाव सांग.”

“मले नाई येत,” मी म्हटलं.

“येत नाई त् इतके वर्स काय बासी खात बसला होतास काय?”

सगळे हसले, आणि मीही हसलो. तुम्हाला खरं दिसलं असेल तर मला तसं काही येत नाही. खोटं असेल तर तेवढं खोटं बोलायला जी किंमत लागते ती तुम्हाला ठाऊक होती. माझ्याजवळ तुमच्यासारखं नाव नाही, गाव नाही, गमवायला फार काही नाही, तरी भीती वाटते. काल रात्रीपासून गाठोडं बांधून ठेवलं आहे. एवढंच कबूल करायचं होतं.

थांबा, दारात कोणी आलं. तीच आहे, ती रेजा, कडेवर पोरगी घेऊन. पोरीच्या गालावरही गोवराचे ठिपके. “भाऊ,” ती म्हणते, “सांगून टाक न माह्यं नाव. रोज रोजचं पाहनं सहन नाई होत आता. थकली मी.” लाइनीतले लोक आपापल्या दारात येऊन पाहून राहिले आहेत. पोरीला ऊन लागून राहिलं आहे. मी दोघींना आत घेतो.