शेपटीची जागा

ताई,

हे पत्र पेटीत टाकायची हिंमत होणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

आपल्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी आपण नवीन कॅसेट बनवली. चौकटींच्या वहीत खेळातलं मांजर तू रंगवलंस, प्रोग्राम मी लिहिला. पडद्यावर नाव मात्र माझंच आलं. मी म्हणालो, "कॅसेटमधली चिप गच्च भरली गं, तुझं नाव मावत नाही."

तू लगेच म्हणालीस, "मग शेपटी काढ की, तेवढ्यात बसेल."

चिप अर्धी रिकामी होती. खोटं उघडं पडू नये म्हणून मी शेपटीही काढली. तरीही मावत नाही म्हणालो, आणि तुझं नाव घातलं नाहीच.

कॅसेटी हातोहात खपतात. गिऱ्हाइकं विचारतात, "मांजराला शेपटी का नाही हो?"

मी अजूनही सांगतो, "जागा नव्हती."

तोंड लपवणारा,
तुझा धाकटा